रोटाचे दळण

कानबाईच्या सणाला दोन दिवस उरले होते. श्रावणातल्या त्या शुक्रवारी धुळ्याच्या देवपुरातल्या चुडामणनानांच्या गिरणीत पितळेचा एक डबा आला, आणि तो पाहताच गिरधरच्या हातातला कुंचा जागच्या जागी थांबला.

डबा उंच होता, गळ्यापाशी चेपलेला. चेपल्या जागेखाली ठोके देऊन कोरलेले नाव होते, ते त्याच्या वडिलांचे. तो पोचा गिरधरनेच पाडला होता. नवव्या वर्षी, विहिरीच्या पायऱ्यांवर, डबा डोक्यावर घेऊन राजाची स्वारी काढताना. वडील गेले, विहीर आटली, पोचा तेवढा राहिला होता.

"काय रे, डब्बावर फोटू शे का कोना? इतलं काय दखस?" गल्ल्यामागून नाना म्हणाले.

"कोन ठी गयं, नाना?"

"एक मानूस आनि एक म्हातारी. तू मांगे दगड धोत व्हता तवय उनथात. बाजारमा गयात, नारळ-बांगड्या लेवाले. दुपारनी यष्टीना आत दयन पाहिजे म्हने. रोटनं शे."

रोटाचे. गिरधरने डब्याला हात लावला नाही. लुगड्याच्या जुन्या तुकड्याने बांधलेले त्याचे तोंड मात्र तो पाहत राहिला. ती गाठ डावखुरी होती. तशी गाठ साऱ्या खानदेशात एकच बाई बांधत असे.

रोट म्हणजे कानबाई देवीच्या नैवेद्याची जाड पोळी; त्याची त्यांच्या घरची रीत अशी होती. शुक्रवारी सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी आई परातीपुढे बसे. पहिली एक मूठ कानबाईच्या नावाची. मग घरातल्या एकेका पुरुषाचे नाव घ्यायचे आणि त्याच्या नावाने पाच मुठी गहू परातीत टाकायचे. जितके पुरुष तितक्या पाचा. तान्ह्यालाही पाच आणि म्हाताऱ्यालाही पाचच. त्या गव्हात दुसऱ्या घरचा दाणा मिसळायचा नाही. त्या पिठाचे कानबाईच्या आधी कुणी बोटही चाखायचे नाही. आणि रोट खायचा तो फक्त घरच्यांनी; लेक सासरी गेली की तिलासुद्धा तो मिळत नसे. लहानपणी गिरधर आईच्या गुडघ्याला टेकून बसायचा आणि आपल्या नावाची वाट पाहायचा. नाव यायचेच, तरी दर वर्षी त्याचा श्वास अडकायचा. 'गिरधर' म्हणताना आईचा हात गव्हात बुडे, आणि दाण्यांचा तो सळसळाट त्याला आपल्याच अंगावरून गेल्यासारखा वाटे.

आणि सहा वर्षांपूर्वी, अशाच एका शुक्रवारी, त्याने ते गहू विकले.

तेव्हा त्याची दारू नाकातोंडाच्या वर गेली होती. भाऊ धनसिंगने दळायला म्हणून हाती दिलेला डबा घेऊन तो पांझरेचा पूल ओलांडून धुळ्यात गेला आणि एका किराणावाल्यापुढे त्याने डबा उपडा केला. किराणावाल्याने पारड्यात एक किलोचे वजन टाकले, मग अर्ध्या किलोचे. तरी गव्हाची बाजू किंचित खाली राहिली. "दीडवर एक मूठ," किराणावाला म्हणाला, "मूठ सोडून दे." पाच पुरुषांचे गहू आणि कानबाईची मूठ. सुपडूआबा म्हणजे चुलते, धनसिंग, तो स्वतः, आणि धनसिंगचे दोघे मुलगे, नथ्थू आणि पुना. पुढे कितीतरी गोष्टी गिरधर विसरला, कोणत्या ओट्यावर झोपला, कोणाचे जोडे उचलले, तेही. पण ते वजन विसरला नाही. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा धनसिंगने त्याच्यावर हात उगारला नाही. एवढेच म्हणाला, "आजपाइन तुना नावनी मूठ बंद."

त्यानंतर कानात आवाज सुरू झाले. भिंती बोलू लागल्या, बोलता बोलता आईच्या आवाजात मुठी मोजू लागल्या, आणि नेमक्या त्याच्या नावापाशी थांबू लागल्या. कुणीतरी त्याला पुण्याकडच्या मोठ्या इस्पितळात पोचवले. सात महिन्यांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्याजवळ गोळ्यांची पुडी होती, आणि धुळ्यातल्या एका डॉक्टरची चुडामणनानांच्या नावे चिठ्ठी.

नानांनी चिठ्ठी वाचली, दुमडली आणि कानावर ठेवली. त्यांचा धाकटा भाऊ असाच इस्पितळातून बरा होऊन आला होता. बरा होता, पण कुणी काम दिले नाही, आणि बसून बसून एक दिवस तो विहिरीकडे चालत गेला. हे नाना स्वतः कधी सांगत नसत. ते त्या दिवशी म्हणाले, "दारू सोडी का नही, हाई मी कधी इचारनार नही. पीठ बारीक उनं का जाडं, इतलंच माले सांगजो."

पहिले तीन महिने त्याचे हात थरथरत. पोत्याचे तोंड धरता येईना, म्हणून नानांनी त्याला चाळणीवर बसवले. तिथे तानुबाई होती. एकाच वर्षात दोन लेकरे गेल्यावर ती वर्षभर कुणाशी बोलली नव्हती. आता ती गहू निवडता निवडता बोलत असे. बरेचसे खड्यांशी, थोडेसे माणसांशी. गिरधरच्या थरथरत्या हातातली चाळणी पाहून ती म्हणाली होती, "आते व माय! चायनीले मोटर लागनी!" आणि त्या इस्पितळानंतर पहिल्यांदा गिरधरला हसू आले.

हाताची थरथर चाळणीतच जिरली. आवाज मात्र गिरणीत जिरले. मोटर सुरू झाली, पट्टा फिरला, दगडावर दगड घुमू लागला, की त्या घोषापुढे भिंतींचे काही चालत नसे. लाइट गेली की ते परत येत, तेव्हा तो पेच सैल करून वरचा दगड उचली आणि छिन्नीने त्याच्या बुजलेल्या खाचा पुन्हा कोरू लागे: टक्, टक्, टक्. केव्हातरी एका दुपारी लाइट गेली आणि आवाज आलेच नाहीत. तो घाबरून इकडेतिकडे पाहत राहिला. पाहुणा न सांगता उठून गेल्यावर माणूस पाहतो तसा.

चार वर्षांत दगडाची सगळी निगा त्याच्याकडे आली. रोटाच्या आठवड्यात आसपासची गावे नानांच्या गिरणीवर येत ती त्याच्यामुळे. इतर गिरण्यांत आधीच्या घरचे पीठ पुढच्या घरच्या दळणात मिसळे. इथे गिरधर भल्या सकाळी दगड धुई, उन्हात वाळवी, आणि दर घराच्या दळणानंतर तो पुन्हा उचलून कुंच्याने शेवटच्या खाचेपर्यंत झाडी. झाडलेले गायीला. "येडा आनि दारुड्या," नाना गिऱ्हाइकांना सांगत, "दोन्हीसले घर जावानी घाई नही ऱ्हास. म्हनीसन मना गिरनीनं पीठ साफ!" गिऱ्हाइके हसत. गिरधरही हसे. घरी जायची घाई नव्हती, हे खरेच होते. घाई नव्हती, नुसती ओढ होती. एकदा तो एस.टी.त बसून गावच्या थांब्यापर्यंत गेलाही होता. उतरला, निंबाखाली उभा राहिला, आणि त्याच गाडीने परत आला.

"गिरधर, नंबर ऊना तुन्हा डब्बाना," तानुबाई म्हणाली. 'तुन्हा' हा शब्द तिने सहज वापरला की जाणून, ते तिचे तिलाच ठाऊक.

त्याने डब्याची गाठ सोडली. गहू निवडलेले होते, तरी तानुबाईने ते एकदा सुपात घेतले, दोनदा पाखडले. मग त्याने काट्याच्या एका पारड्यात गहू ओतले आणि दुसऱ्यात सवयीने एक किलोचे वजन टाकले. गव्हाचे पारडे हलले नाही. चौघांचे असतील. सुपडूआबा, धनसिंग, नथ्थू, पुना. चौघांचे बाराशे ग्रॅम आणि वर कानबाईची मूठ, एवढेच भरायला हवे. त्याने दोनशेचे वजन टाकले. गव्हाचे पारडे खालीच. त्याने दोनशेचे काढून अर्ध्या किलोचे ठेवले.

काटा सरळ होत आला, आणि गव्हाची बाजू किंचित खाली राहिली.

दीडवर एक मूठ.

त्याने वजने उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. पाच पुरुष आणि कानबाई. गिरणीचा सगळा गोंगाट त्याच्या कानांपासून दूर गेला आणि लहानपणचा तो सळसळाट त्याच्या अंगावरून वाहून गेला. मूठ बंद नव्हती झाली. भावाने बंद केली असेल, आईने केली नव्हती. आज सकाळी ओल्या केसांनी परातीपुढे बसून तिने त्याचे नाव घेतले होते, आणि इकडे देवपुरात, दगड धूत असताना, त्याला त्याची वार्ताही नव्हती.

त्याने दगड पुन्हा उचलला, पुन्हा झाडला. मग गहू वरच्या पसरट तोंडात ओतले. खालच्या कापडी नळीतून पीठ पडू लागले तेव्हा त्याने नेहमीसारखी चिमूट घेतली आणि अंगठ्याने बोटावर चोळून पाहिली. कोमट, मऊ, घरच्या काळ्या रानाच्या गव्हाचा तो किंचित गोडसर वास. चार वर्षांत हजारो घरांचे पीठ त्या बोटांवरून गेले होते आणि एकाचाही कण त्याने तोंडात टाकला नव्हता. पण हे त्याच्याही नावाचे होते. सहा वर्षांत कानबाईचा रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, यातले काहीच त्याच्या जिभेला लागलेले नव्हते. हात आपोआप वर गेला. चिमूट जिभेवर विरघळली. त्याने डोळे मिटले.

"गिरधर," तानुबाई हलकेच म्हणाली. तिने पाहिले होते. मग ती पुन्हा सुपातल्या गव्हाकडे वळली.

दुपारी दोघे आली. धनसिंग पुढे, हातात बांगड्यांचे पुडके आणि नारळांची पिशवी. केस पिकले होते. त्याने गिरधरला पाहिले आणि तो उंबऱ्यावरच थबकला. गिरधर इथे असेल हे त्याला माहीत नव्हते, हे उघड होते. मागून आई आली, भिकुबाई. पदराखाली काखेत काहीतरी गच्च धरलेले. तिला मात्र आश्चर्य वाटले नाही.

"वायी गया रे तू," ती म्हणाली.

"नही माय. पीठ खाई खाई जाडा व्हयनू," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

"गावनी गिरनीनी मोटर जयनी," आईने कुणी न विचारता सांगितले. धनसिंगला सांगितल्यासारखे. "मी म्हनं, देवपूरले जाऊ. तठे दगड धोतस. औंदा ते चांगलंच पीठ पाहिजे. लहानल्याना पहिला रोट शे ना."

"लहानला?"

"धनसिंगले तिसरा आंडोर व्हयना. आखाडमा." आईच्या तोंडभर हसू पसरले. मग तिने गिरधरचा चेहरा पाहिला, आणि ते हसू कुठे ठेवावे हे तिला कळेना.

आबा, धनसिंग, नथ्थू, पुना, लहानला.

पाच.

गिरधरने काट्याकडे पाहिले. काट्याने काही खोटे सांगितले नव्हते. त्याच्या जिभेवर अजून तो गोडसर स्वाद होता, आणि त्याखालून एक दुसरी, जुनी, कोरडी तहान वर येत होती. पुलाच्या अलीकडे, वडाशेजारी, दारूचे ते दुकान उघडे असेल. इथून तीनशे पावले. हे त्याने कधी मोजले होते, ते त्यालाही आठवेना.

"माय, चाल. यष्टी चुकी जाई," धनसिंग म्हणाला. त्याने डबा उचलला. तोंडावर तेच फडके, पण या वेळी गाठ गिरधरने बांधलेली, उजव्या हाताची.

गप्प राहिले असते तर काय झाले असते? काहीच नाही. रविवारी रोट भाजले गेले असते, कानबाई बसली असती, सोमवारी गाण्यांच्या गजरात विसर्जनाला नदीवर गेली असती. तानुबाई बोलली नसती. पण त्या तान्ह्याचा पहिला रोट. सहा वर्षांपूर्वी गहू नेले ते निदान सगळ्यांना कळले होते.

"भाऊ," तो म्हणाला, "हाई पीठ नको लई जाऊ."

"काब?"

"मी चाखं."

धनसिंगला प्रथम कळलेच नाही. मग डबा हळूहळू खाली आला.

"तवय गहू इकात," तो म्हणाला, आवाज न चढवता, "आते पीठ चाटं. काय समजना तू? कोना बापनं..." डब्यावरच्या नावाकडे त्याची नजर गेली आणि वाक्य तिथेच तुटले.

"पाच जनसनं वजन भरनं, भाऊ," गिरधर म्हणाला. "माले वाटनं, पाचवा मी."

गिरणीत दुसरे दळण चालू होते. नानांनी हात लांब करून मोटर बंद केली. पट्टा फडफडत मंदावला, थांबला. रांगेतल्या बायका माना वळवून पाहू लागल्या.

"त्यानी सांगं नसतं ते तुमले कोन सांगतं?" तानुबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "मी? मन्हा सांगावर या गावमा कोन इस्वास ठेवस?"

"गहू घरनाच लागस," नाना म्हणाले, "नही ते मीच दिन्हा असता." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली.

धनसिंग भिंतीला टेकून उभा राहिला. दमल्यासारखा. गावी जाऊन, पुन्हा मुठी मोजून परत यायला आता वेळ नव्हता. उद्या पीठ मळायचे, परवा कानबाई.

तेव्हा आईने पदराखालून गाठोडे काढले. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले, दोनेक किलोचे, त्याच डावखुऱ्या गाठीचे. ते तिने ओट्यावर ठेवले.

"हाई काय?" धनसिंगने विचारले.

"गहू. आपला वावरना."

"कोनासाठे आना?"

 आई गाठ सोडू लागली. धनसिंग गाठोड्याकडे पाहत राहिला. मग मोटर जळाल्याची, देवपूरच्या दगडाची, चांगल्या पिठाची सगळी गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उतरताना गिरधरला दिसली.

"तानुबाई, परात शे का व माय, कोरी?" आई म्हणाली. "आनि हात धोवाले पानी."

तानुबाईने आपले स्वतःचे ताट घासून आणून दिले. आईने हात धुतले, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि गिरणीच्या पिठाळलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. रांगेतल्या बायका आपसूक मागे सरकल्या. गिरधर दगडापाशी उभा होता. त्याने कुंचा हाती घेतला होता, पण झाडत नव्हता.

पहिली मूठ कानबाईची.

"सुपडू." पाच.

"धनसिंग." पाच. धनसिंगने मान खाली घातली.

"नथ्थू." "पुना." प्रत्येक नावाला हात बुडत होता, वर येत होता, आणि ताटाच्या पत्र्यावर दाण्यांचा आवाज होत होता. परातीसारखा गंभीर नव्हे; जरा उथळ, जरा परका.

"लहानला." एक, दोन, तीन, चार, पाच.

गाठोड्यात अजून गहू होते. आईचा हात पुन्हा त्यांत गेला आणि तिथेच राहिला. मनगटापर्यंत गव्हात. गिरधरच्या छातीत श्वास अडकला, लहानपणी अडके तसाच. आईने वर पाहिले नाही, ना त्याच्याकडे ना धनसिंगकडे. धनसिंगने तिच्याकडे पाहिले, मग नजर काढून घेतली. तो वळला आणि मोटरीच्या पट्ट्याकडे असा निरखून पाहू लागला, जणू तो पट्टा विकत घ्यायला आला होता.

हात वर आला. एक मूठ. आईचे ओठ मिटलेले होते. मूठ ताटावर उघडली, दाणे इतर दाण्यांत गेले.

पुन्हा हात बुडाला नाही. तिने उरलेल्या गव्हाला गाठ मारली आणि गाठोडे, पाहता न पाहता, तानुबाईच्या सुपामागे सरकवले.

"ते पीठ आठेच ऱ्हाऊ दे," धनसिंग पट्ट्याकडे पाहतच म्हणाला. "आते ते रोटनं नही. खाई टाक." मग तो म्हणाला, "डब्बा तेवढा रिकामा करी दे."

गिरधरने मान हलवली. 

"दगड धोयेल शे ना?" आईने विचारले.

"शे, माय."

"आखो एकदाव."

त्याने पेच सैल केला. वरचा दगड उचलला, बादलीतल्या पाण्याने धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, बाहेर श्रावणातले ऊन ढगांच्या आडून येत-जात होते तिथे नेऊन धरला. एस.टी. चुकणार होती; धनसिंगने नारळांची पिशवी ओट्यावर ठेवली. दगड कोरडा झाल्यावर त्याने तो बसवला, पेच आवळला आणि ताट उचलले. वजन केले नाही. वरच्या पसरट तोंडात गहू ओतताना तो दाण्यांकडे पाहत होता. शेवटची मूठ कुठली, ते आता त्यालाही सांगता आले नसते.

नानांनी मोटर सुरू केली. कापडी नळी फुगली, थरथरली, आणि पीठ पडू लागले. गिरधरने चिमूटभर पीठ बोटावर घेतले, अंगठ्याने चोळून पाहिले. बारीक होते. मग त्याने खांद्यावरचे कोरडे फडके घेतले आणि बोटे पुसली. एकेक करून, नखांच्या कडांपर्यंत.